हे पत्र यंत्राबद्दल आहे की माझ्याबद्दल?

ओवीची आई

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विद्युतसंकेत देणारं यंत्र कानाच्या आत बसवलं. गेल्या आठवड्यात उत्पादकांचं पत्र आलं: तिच्या कानामागे असतो तो प्रोसेसर आता बनत नाही, अमुक तारखेनंतर त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत, दुरुस्तीही होणार नाही. पत्र तिच्याच हाती पडलं. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आई, हे यंत्राबद्दल आहे की माझ्याबद्दल?" मी म्हटलं, अगं यंत्राबद्दल. तर म्हणाली, "मग वर माझं नाव का आहे?"

माणूस आणि यंत्र एक होणार, मेंदूत चिप बसणार, जनुकं दुरुस्त करून आजारच संपणार, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मीही आवडीने वाचते. पण त्या भविष्यात आम्ही चौदा वर्षं राहतोय आणि आमच्यासमोरचा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. शरीरात बसवलेल्या यंत्राची जबाबदारी किती वर्षं, आणि कोणाची? दुसरं म्हणजे, असं काही अंगात घेऊन जगणारे किंवा त्यांच्या घरचे इथे असतील, तर त्यांनी सांगावं: ते यंत्र तुम्हाला 'आपलं' वाटतं का?

सदाफुली

वाचतेय. मुलीचा प्रश्न दिवसभर डोक्यातून जाणार नाही.

खटपट्या

ताई, मी वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीत वीस वर्षं आहे. आधी थोडा धीर देतो. आतला भाग आणि बाहेरचा भाग वेगळे धरा. आत बॅटरी नसते. बाहेरची कॉइल त्वचेपलीकडे रेडिओलहरींनी संकेत आणि ऊर्जा दोन्ही पाठवते. त्यामुळे आतला भाग कित्येक दशकं चालू शकतो, जुना होतो तो बाहेरचा प्रोसेसर. पत्र त्याच्याबद्दल आहे. नव्या पिढीचा प्रोसेसर तुमच्या आतल्या भागाशी जुळतो का, एवढंच आधी लेखी विचारा.

आता मोठी गोष्ट. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या अंगात बसला. शल्यविशारद ओके सेनिंग, यंत्र बनवणारे अभियंते रूने एल्मक्विस्ट. ते पहिलं यंत्र किती चाललं? काही तास. दुसरं बसवलं. नंतर बदलत बदलत लार्सन यांच्या अंगात एकूण २६ पेसमेकर येऊन गेले. ते २००१मध्ये ८६व्या वर्षी वारले, तेही हृदयाने नाही, त्वचेच्या कर्करोगाने. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

आमच्या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं, यंत्र बसवलं की काम झालं. काम तेव्हा सुरू होतं. पहिला पेसमेकर हा चमत्कार होता हे खरंच, पण लार्सन जगले ते पुढच्या पंचवीस यंत्रांमुळे. कुणीतरी प्रत्येक वेळी पुढचं यंत्र तयार ठेवलं.

रानवारा

ज्यांच्या घरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांनी हात वर करा! अर्धे यंत्रमानव तर इथेच सापडतील. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं हॅरल्ड रिडली यांनी, लंडनमध्ये, १९४९ साली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लॅस्टिकचे कण गेले होते आणि डोळ्याने ते निमूटपणे सहन केले होते. त्यावरून त्यांना सुचलं. आजीला भिंग बसवलं तेव्हा ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू एवढा काळा कधी झालास?"

शंकासुर

भिंग म्हणजे यंत्र नव्हे आणि पेसमेकर म्हणजे 'एकरूप होणं' नव्हे. तो फक्त ठोके मोजतो आणि गरज पडली की टोचणी देतो. मिलन म्हणायचं तर विचारांचं व्हायला हवं, आणि तिथे आपण अजून उंबऱ्यावरसुद्धा नाही. जानेवारी २०२४मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं. त्यात १०२४ इलेक्ट्रोड (विद्युतसंकेत टिपणारी किंवा देणारी टोकं), केसाहून बारीक ६४ धाग्यांवर. मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज. शिवाय काही आठवड्यांतच त्यातले बरेचसे धागे जागेवरून मागे सरकले, कारण मेंदू कवटीत हलतो. मग सॉफ्टवेअर बदलून वेळ निभावून न्यावी लागली. यावर 'माणूस अमर होणार' असे मथळे येतात तेव्हा चीड येते.

क्षितिज

@शंकासुर, आकड्यांवर जाऊ नका. कानातल्या शंखाच्या आतल्या रांगेत आवाज टिपणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड किती? बारा ते बावीस! तरी ओवी फोनवर बोलत असेल. बावीस बोटांनी साडेतीन हजार सुरांची पेटी वाजते, कारण उरलेलं काम मेंदू शिकून घेतो.

आणि वेग बघा. २००४मध्ये मेंदू संगणकाला जोडणाऱ्या 'ब्रेनगेट' यंत्राच्या चाचणीत मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या तरुणाने ९६ इलेक्ट्रोडच्या साहाय्याने, फक्त मनात आणून, पडद्यावरचा बाण हलवला होता. २०२३मध्ये वाचा गेलेल्या दोन स्त्रियांच्या मेंदूतले बोलण्याचे प्रयत्न संगणकाने शब्दांत उतरवले, एकीचे मिनिटाला ६२ शब्द आणि दुसरीचे ७८. आपण गप्पांत मिनिटाला दीडशेच्या आसपास बोलतो. एकोणीस वर्षांत बाणापासून वाक्यापर्यंत आलो. ज्या बाईला अठरा वर्षं बोलता आलं नव्हतं, तिच्या लग्नातल्या भाषणाच्या चित्रफितीवरून तिचाच जुना आवाज संगणकाला शिकवला होता. हे वाचून मी रडलो होतो. याला उंबरा म्हणायचं असेल तर म्हणा, पण दार उघडलेलं आहे.

शंकासुर

@क्षितिज, त्या दोन प्रयोगांबद्दल मलाही आदर आहे. पण त्या दोघी बोलायचा प्रयत्न करत होत्या, ओठ-जिभेला निघालेले आदेश यंत्राने टिपले. विचार नाही वाचले. हा फरक सोडू नका, पुढचा सगळा गोंधळ तिथूनच होतो.

सांजवात

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. 'मेंदू शिकून घेतो' हे वाक्य क्षितिज यांनी झटकन लिहिलं, पण त्यामागे काय असतं ते सांगते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात. मोठेपणी ऐकणं गेलेले लोक त्या दिवशी सांगतात की माणसं चिरक्या किंवा यंत्रासारख्या आवाजात बोलतायत. मग मॅपिंग: एकेका इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह दिला की आवाज जेमतेम जाणवतो आणि किती दिला की त्रास होतो, ते ठरवत जायचं. दोन वर्षांचं मूल 'त्रास होतो' म्हणत नाही. खेळ थांबवतं, आईकडे बघतं, ओठ काढतं. त्यावरून समजून घ्यायचं. हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं, आणि घरी आई-वडिलांचं बोलणं तर अखंड चालू.

जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत पहिली काही वर्षं फार मोलाची, कारण ऐकण्याचा अनुभव मिळाला नाही तर मेंदूतली ती जागा दुसऱ्या कामाला लागते. म्हणून एवढ्या लहानपणी निर्णय घ्यावा लागतो.

ओवीची आई, प्रोसेसर बदलला की नवं मॅपिंग होईल आणि पहिले काही दिवस तिला सगळं 'वेगळं' ऐकू येईल. तिला हे आधीच सांगा. तुमचाही आवाज तिला थोडा परका वाटेल. तो परत येतो.

शब्देविण

मी जन्मतः बहिरी आहे. इम्प्लांट नाही. माझी भाषा खुणांची भाषा आहे, मराठी माझी लिहायची भाषा.

वरचे सगळे प्रतिसाद एक गोष्ट गृहीत धरून लिहिले आहेत, की न ऐकू येणं म्हणजे बिघाड आणि यंत्र म्हणजे दुरुस्ती. आमच्यातल्या अनेकांना तसं वाटत नाही. आमच्याकडे विनोद आहेत, भांडणं आहेत, कविता आहेत, सगळं हातांनी. सांजवात म्हणतात ती 'पहिली काही वर्षं' भाषेची असतात, आवाजाचीच असतात असं नाही. त्या वर्षांत मुलाला खुणांची भाषा मिळाली तरी मेंदू भुकेला राहत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांना यंत्र मिळालं, पण 'खुणा केल्यास तर बोलणार नाहीस' म्हणून हात बांधल्यासारखे वाढवले गेले. यंत्र नीट लागू पडलं नाही आणि मुलाजवळ एकही भाषा पुरी उरली नाही.

ओवीच्या आईवर आरोप नाही. एवढंच विचारते: प्रोसेसर बंद असतो तेव्हा तुम्ही तिच्याशी कशा बोलता?

ओवीची आई

@शब्देविण, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. खरं सांगते. रात्री ती प्रोसेसर काढून ठेवते. तेव्हा आम्ही बोलत नाही. दिवा चालू असेल तर ओठ वाचते, नाहीतर मी थोपटते. चौदा वर्षांत मी खुणा शिकले नाही, कारण तेव्हा आम्हाला तेच सांगितलं होतं जे तुम्ही लिहिलंय. मी ते मानलं. त्याचं मला वाईट वाटतं.

शब्देविण

शिकायला उशीर झालेला नाही. अंधारात तळहातावर लिहिता येतं, आम्ही करतो. मला व्यक्तिगत निरोप करा.

निरंजन_

बाबांना कंपवात आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले, बॅटरी कॉलरबोनखाली. ही पद्धत फ्रान्समध्ये ग्रनोब्लला आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७पासून रुळवली. यंत्र बंद केलं की काही मिनिटांत हात थरथरायला लागतो, चालू केलं की थांबतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे पाय लटपटले होते.

पण ओवीच्या आईने विचारलंय 'आपलं वाटतं का', त्याचं उत्तर साधं नाही. विद्युतप्रवाह वाढवला की बाबांचं अक्षर सुधारतं, मात्र जीभ जड होते, शब्द एकमेकांत मिसळतात. कमी केला की बोलणं स्पष्ट, पण हात ऐकत नाही. डॉक्टरांनी दोन सेटिंग करून दिली आहेत. सकाळी उठल्यावर बाबा रिमोट हातात घेऊन विचारतात, "आज लिहायचं की बोलायचं?" धाकट्या बहिणीचा फोन यायचा असला की बोलायचं.

मी एकदा विचारलं, यातले खरे तुम्ही कोणते? ते म्हणाले, "निवडतो तो."

मृद्गंध

"निवडतो तो." __/\__

पांथस्थ

अवांतर होईल, पण राहवत नाही. जुन्या बौद्ध ग्रंथातली गोष्ट आहे. मिलिंद राजा नागसेन भिक्षूंना भेटायला रथातून आला. नागसेनांनी विचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग रथ कुठे आहे? सगळे भाग विशिष्ट रीतीने जुळले की आपण त्याला रथ म्हणतो, वेगळा असा रथ नाही. आणि माणसाचंही तसंच.

लार्सन यांच्या २६ पेसमेकरांचं वाचून तेच आठवलं. आपण विचारतो, किती भाग बदलले म्हणजे माणूस यंत्र होईल? बहुधा तो प्रश्नच चुकतोय. पेशी तर अशाही बदलतच असतात.

खटपट्या

@पांथस्थ, गोष्ट आवडली. मात्र माझ्यासारखा माणूस त्या रथाकडे बघून विचारेल, की याची आस बनवणारा सुतार अजून जिवंत आहे का?

सदाफुली

@खटपट्या, हे अगदी पटलं. आर्गस-२बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दृष्टिपटलावर बसवायचं यंत्र, ६० इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा. अमेरिकेत २०१३मध्ये मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं गेलं. दिसायचे ते फक्त प्रकाशाचे ठिपके, पण पूर्ण अंधार झालेल्या माणसाला दाराची चौकट कळणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. २०१९मध्ये कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवलं, २०२०मध्ये पैशांअभावी बहुतेक कर्मचारी काढले. लोकांच्या डोळ्यांत यंत्रं तशीच. चष्मा तुटला तर दुसरा नाही. आतलं ठेवायचं की काढायचं, एमआरआय करायची वेळ आली तर काय, सांगणारं कुणी नाही.

ऑस्ट्रेलियात एका चाचणीत अपस्माराच्या १५ रुग्णांना मेंदूचं यंत्र बसवलं होतं. झटका येण्याआधी ते इशारा द्यायचं. कंपनीचे पैसे संपले आणि यंत्रं काढावी लागली. त्यातली एक बाई द्यायलाच तयार नव्हती, ते तिचा भाग झालं होतं. शेवटी काढलंच. एखाद्याचा हात कर्ज थकलं म्हणून काढून नेता येईल का? मग हे कसं चालतं?

मधुरा_टी१

टाइप १ मधुमेह, वयाच्या नवव्या वर्षापासून. दंडावर सेन्सर, पोटावर इन्सुलिन पंप, मध्ये गणित करणारा प्रोग्रॅम. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर सांगतो, प्रोग्रॅम ठरवतो, पंप देतो. मी यंत्राशी एकरूप आहे का, माहीत नाही, पण माझं स्वादुपिंड आता तीन ठिकाणी विभागलेलं आहे आणि त्यातला एक तुकडा फोनमध्ये आहे.

सदाफुलीताईंच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगते. कंपन्यांची अशी स्वयंचलित यंत्रं बाजारात यायच्या आधीच, २०१३पासून, रुग्णांनी आणि त्यांच्या आई-बापांनी आपापसांत प्रोग्रॅम लिहून सेन्सर आणि पंप जोडायला सुरुवात केली. 'आम्ही वाट पाहत बसणार नाही' हेच त्यांचं घोषवाक्य. गंमत म्हणजे हे जमलं ते काही जुन्या पंपांत एक उणीव होती म्हणून: त्यांना बाहेरून बिनतारी आदेश देता यायचे. सुरक्षेच्या दृष्टीने तो दोषच. पण आमच्यासाठी तेच एकमेव उघडं दार होतं, आणि लोक तसे जुने पंप शोधत फिरायचे.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी कोणाची याचं अर्धं उत्तर 'आमची' असं आहे, जर आम्हाला आत बघू दिलं तर. कंपनीने यंत्राचा आधार काढून घेतला तर त्याचे आराखडे आणि प्रोग्रॅम खुले करणं बंधनकारक असावं. माझ्या शरीरात चालणारा प्रोग्रॅम मलाच वाचता येत नाही, हे मला मान्य नाही.

शंकासुर

@मधुरा_टी१, अर्ध्याशीच सहमत. उघडं दार चोरालाही दिसतं. २०१७मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) अशीच फट असल्याचं जाहीर झालं आणि लोकांना रुग्णालयात जाऊन अपडेट घ्यावं लागलं. उपराष्ट्राध्यक्ष असताना डिक चेनी यांच्या छातीतल्या यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी घातपाताच्या भीतीने बंद करून घेतली होती. आराखडे खुले करा, जरूर करा, पण किल्ली रुग्णाच्या हातात राहील असं कुलूपही करा.

एका गोष्टीत चिली देश पुढे गेला. २०२१मध्ये त्यांनी घटनादुरुस्ती करून मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिलं. २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूलहरींची साठवलेली माहिती पुसून टाकायला लावली. त्या लहरी टिपणारं कंपनीचं यंत्र तर नुसतं डोक्यावर घालायचं होतं, आत बसवलेलंही नव्हतं.

क्षितिज

यंत्रांवरच का थांबलो आपण? जनुकांकडे या. यंत्राला बॅटरी लागते, सुतार लागतो. जनुक एकदा दुरुस्त झालं की झालं. जनुकांत नेमका बदल करण्याची क्रिस्परची पद्धत २०१२मध्ये मांडली गेली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने सिकल सेल या रक्ताच्या आजारावरच्या त्या पद्धतीच्या उपचाराला मान्यताही दिली. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल करायचा आणि परत सोडायच्या. मला वाटतं, खरं भविष्य तिथे आहे.

हेमांगी_प्र

@क्षितिज, मी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. 'एकदा झालं की झालं' हीच त्यातली भीतीही आहे. ओवी रात्री प्रोसेसर काढून ठेवू शकते, निरंजन यांचे बाबा सेटिंग बदलू शकतात. बदललेलं जनुक काढून ठेवता येत नाही. शिवाय तुम्ही 'परत सोडायच्या' लिहिलंत, त्याआधी जुनी अस्थिमज्जा जहाल औषधांनी रिकामी करावी लागते. रुग्ण कित्येक आठवडे रुग्णालयात असतो.

सिकल सेलमध्ये बदल त्या एका माणसापुरता राहतो. पण २०१८मध्ये चीनमध्ये 'हे जियानक्वे' नावाच्या शास्त्रज्ञांनी भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. तो बदल पुढच्या पिढ्यांत जाऊ शकतो. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींना कुणी विचारलं होतं?

आणि सुतार इथेही लागतोच. २०२५मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, केवळ त्याच्या जनुकातल्या चुकीसाठी, सुमारे सहा महिन्यांत औषध तयार केलं. त्याच्या यकृताला अमोनिया निकामी करता येत नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान तीन डोस दिले, बाळ घरी गेलं. ते औषध जगात दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. त्या रात्री आनंदामुळे मला झोप लागली नाही. पण ते बाळ तीस वर्षांचं होईल तेव्हा त्याच्या तब्येतीचा पाठपुरावा करणारी माणसं, नोंदी, प्रयोगशाळा जागेवर असायला हव्यात. हे ओवीच्या पत्रासारखंच आहे.

मृद्गंध

मग मूळ प्रश्नाला मी माझ्यापुरतं उत्तर देते. बसवताना जसं संमतिपत्र आपण देतो, तसं बसवणाऱ्यानेही आपल्याला द्यावं: अमुक वर्षं सुटे भाग, कंपनी बुडाली तर पुढे कोण, काढायची वेळ आली तर खर्च कोणाचा. आत्ता सह्या एकाच बाजूच्या असतात.

सांजवात

+१. आणि हे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नको. पालक तेव्हा काहीही वाचण्याच्या स्थितीत नसतात, मी रोज पाहते.

ओवीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ओवीने हा धागा पूर्ण वाचला. निरंजन यांच्या बाबांपाशी थांबली आणि परत वर जाऊन वाचलं.

तिने स्वतःच उत्पादकांना पत्र लिहिलंय. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. नवा प्रोसेसर माझ्या आतल्या भागाशी जुळतो का, तो किती वर्षं दुरुस्त कराल, जुन्याचं मॅपिंग माझ्याकडे फाइल म्हणून द्याल का, असे तीन प्रश्न. खाली सहीच्या वर लिहिलंय, "यापुढे पत्रात 'उपकरण' म्हणायचं असेल तर उपकरणाचा क्रमांक घाला. माझं नाव घालायचं असेल तर माझ्याशी बोला."

'आपलं वाटतं का' हे मी तिलाही विचारलं. म्हणाली, "पावसात भिजायला जाताना काढून ठेवते तेव्हा नाही वाटत. तू हाक मारतेस तेव्हा वाटतं." मग माझा हात ओढून तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं. मला पहिल्या वेळी कळलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, सावकाश.

खटपट्या

तिसरा प्रश्न फार चांगला विचारलाय. मॅपिंगच्या फाइलबरोबर कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत केलंय तेही मागून घ्या, नाहीतर फाइल उघडणार नाही. आतल्या भागाचा मॉडेल क्रमांक ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या कार्डावर असेल. कार्ड सापडलं की इथे लिहा.

ओवीची आई

सापडलं. तिच्या बाळपणीच्या कपड्यांच्या पेटीत होतं. उद्या सकाळी फोटो काढून तुम्हाला निरोपात पाठवते.